नेट कोण खातं

खाणी बंद पडल्या आणि आमच्या घरातलं नेट संपायला लागलं. या दोन गोष्टी एका दमात म्हणायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. तिथे नेट संपायचं कारण एकच होतं, ते म्हणजे माझा कॉम्प्युटर.

मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची. लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या एका गावात आले, ट्रकवाल्यांच्या घरात. नवरा आणि दीर मिळून दोन ट्रक चालवायचे, खनिज भरून जेटीवर न्यायचे. मी म्हापशाला डीटीपी शिकले होते. सावंतवाडीचा एक छापखाना हस्तलिखितांची पानं स्कॅन करून मला पाठवायचा, मी ती टाइप करून परत पाठवायचे. घरात बोलायचे कोंकणीत, भांडायचेही कोंकणीत, पण आरतीपासून लग्नपत्रिकेपर्यंत छापलेलं सगळं मराठीत, त्यामुळे माझ्या कामाला थोडा मान होता. ट्रक चालत होते तोवर होता, असं म्हणणं जास्त खरं. ट्रक अंगणात उभे राहिले, चाकांभोवती गवत वाढलं, घरात कमाई फक्त माझी उरली, आणि तेव्हापासून माझं काम सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

नेटचं डोंगल माझ्या कॉम्प्युटरला लावलेलं असायचं आणि तिथूनच घरातल्या सगळ्या फोनांना नेट मिळायचं. महिनाभराचं नेट अर्ध्या महिन्यात उडायला लागलं. मग पुढचे दिवस छापखान्याचं एकेक पान उतरायला तासन्‌तास जायचे. छापखान्याच्या मालकाने सुरुवातीला सांभाळून घेतलं. मग एकदा फोनवर शांतपणे म्हणाला, "बाई, असंच चालणार असेल तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." मी हे सासूला सांगितलं तेव्हा ती पुढच्या ओसरीवर उंडो पाव चहात बुडवून खात होती. जवळच नवरा आणि दीर आपापले फोन घेऊन बसले होते.

"तुजोच कॉम्प्युटर खाता सगळें," सासू म्हणाली. "दीसभर तोच पेटिल्लो आसता."

"खरें तें," नवरा म्हणाला. फोनवरून मान वर न करता म्हणाला.

मग सासूने तोडगा काढला. "देवीक प्रसाद लावया. देवी सांगतली."

आमच्याकडे घरात काही अडलं की देवळात प्रसाद लावतात. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. या घरातली लग्नं, विहिरीची जागा, दुसरा ट्रक, सगळं त्या पाकळ्यांनीच ठरवलं होतं. मी देवीला मानते. पण नेट कोण खातं हे तिला विचारायचं म्हटल्यावर मला हसू आलं, आणि ते सासूने बघितलं.

"माय, देवीक कित्याक त्रास? मशीनच सांगतली," मी म्हणाले.

कॉम्प्युटरवरून कोणाचं किती नेट जातं हे दाखवणारी सॉफ्टवेअरं मिळतात, हे मला ठाऊक होतं. मी शोधायला लागले. पहिलं फुकटचं होतं. ते फक्त माझ्याच कॉम्प्युटरातले प्रोग्राम दाखवायचं, मेलने इतकं खाल्लं, अपडेटने इतकं. सासूला फार आवडलं असतं. दुसरंही फुकटच, पण जाणकारांचं. त्यात येणारा-जाणारा प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीत दिसायचा आणि त्या रंगीत ओळी अशा धावायच्या की त्यातून दीर कुठला आणि मी कुठली हे शोधायला एक जन्म पुरला नसता. तिसरं मोठ्या ऑफिसांसाठी होतं, त्याची किंमत बघूनच मी ते बंद केलं. चौथं मात्र स्वस्त होतं आणि दिसायला अगदीच गरीब. कोणत्या फोनने किती नेट ओढलं आणि कुठल्या साइटवर, एवढंच ते रोज एका तक्त्यात मांडायचं. मला तेवढंच तर हवं होतं! महिनाभर ते फुकट वापरता येत होतं, तरी मी आधीच विकत घेतलं. फुकटात मिळवलेला पुरावा कोणी मानणार नाही, असं मला वाटलं. इतकी मी भाबडी होते. जणू कोर्टात उभी राहणार होते.

माझा संशय दिरावर होता. सिनेमे, क्रिकेट, दिवसभर चालूच असायचं त्याचं. पण तक्त्यात सगळ्यात वर दीर नव्हता आणि माझा कॉम्प्युटरही नव्हता. वर होता माझ्या नवऱ्याचा फोन, आणि आम्ही सगळे मिळून खात होतो त्याहून त्याचं एकट्याचं जास्त होतं. तो व्हिडिओ बघायचा. कसले, ते मी त्याच्या मागे जाऊन बघितलं. कुठल्याशा परदेशातल्या खाणी, आणि त्यांच्या घाटरस्त्यांवरून चढणारे-उतरणारे ट्रक. ना गाणं, ना गोष्ट. नुसते ट्रक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण "खरें तें" म्हणताना त्याच्या हातात तोच फोन होता हे आठवलं आणि दया कुठल्या कुठे गेली.

मी कॉम्प्युटर ओसरीकडे वळवला आणि सगळ्यांना तक्ता दाखवला. दीर हसला, सुटल्यासारखा. सासूने तक्ता बघितला आणि ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे तूं घरच्यांचेर पाळत दवरतालें?"

"माय, पळयात तरी कोण खाता तें."

"घोवाचेर पाळत!" ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. नेट कोण खातं हा प्रश्नच ओसरीवरून उठून गेला. उरली फक्त नवऱ्यावर नजर ठेवणारी सून. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, सोवळं नेसून, नवराच आम्हाला देवळात घेऊन गेला.

पाकळ्या लावल्या. घरातला थोरला म्हणून प्रश्न त्याने विचारला. "हो कॉम्प्युटर घरांत दवरचो?" ठेवायचा की नाही, एवढंच.

मला वाटलं होतं, नेट कोण खातं ते विचारेल. निदान देवीसमोर तरी विचारेल.

डावी पाकळी पडली.

"तें दुसरें विचारात," मी हळूच म्हणाले. "कोण खाता तें."

"देवीन सांगलें. आतां परत विचारूंक जायना," तो म्हणाला. देवीवर माझा राग नाही. तिला जे विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं.

कॉम्प्युटर जुन्या चादरीत बांधून माळ्यावर गेला. मी छापखान्याला फोन केला, आणि मालक म्हणाला की त्याने कोल्हापूरची एक बाई आधीच बघून ठेवली आहे. नेटबद्दल देवीने काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून नेट राहिलं. कॉम्प्युटरशिवाय ते फोनांना मिळावं म्हणून एका ट्रकचे टायर विकले आणि नवऱ्याने डिचोलीहून एक छोटा राउटर आणला. तो माझ्या टेबलावरच ठेवला, तिथे आता जागा होती.

पुढच्या महिन्यातही नेट मध्येच संपलं. मी आत भाकऱ्या करत होते. ओसरीवरून सासूचा आवाज आला, "हालीं बेगीन सोंपता न्हय रे?"

"कंपनीच लुटता," नवरा म्हणाला.

"लुटतातच," दीर म्हणाला. मग तिघंही कंपनीला शिव्या घालत बसले. माझं नाव कोणी घेतलं नाही, कारण कॉम्प्युटर माळ्यावर होता.