कॅरियरवर चढेल तेवढाच संसार

दुकानात एखादी वस्तू आवडली की कॅरियरकाका किंमत विचारायचे नाहीत. आधी दोन्ही हात पसरून तिची लांबी घ्यायचे, मग रुंदी, मग डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चढेल." नाहीतर, "नाही चढणार." नाही चढणार म्हटलं की विषय संपला! कुठे चढायचं? तर त्यांच्या जीपच्या टपावरच्या कॅरियरवर. कलकत्त्यात भवानीपूरच्या त्यांच्या घरात खाटा घडीच्या, टेबल घडीचं, खुर्च्यासुद्धा घडीच्याच. आमचे बाबा म्हणायचे, "यांच्याकडे पटापट जेवावं. नाहीतर ताटासकट टेबल मिटायचे."

काका सरकारी सर्वेक्षण खात्यात होते, त्यामुळे बदली पाचवीला पुजलेली. जीप लष्कराच्या लिलावातली. तिला त्यांनी पत्र्याचा टप बसवून घेतला होता आणि वर लोखंडी पट्ट्यांचा तो भलाथोरला कॅरियर. मी नववीत होते तेव्हा ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हापासून बाराही महिने मी तो कॅरियर टपावरच बघितला. सगळे सांगायचे, अहो, लागेल तेव्हा चढवा की! वाऱ्यात शिट्टी वाजते, पेट्रोल जास्त जातं. काकांचं उत्तर ठरलेलं. "ऑर्डर काय सांगून येते? शुक्रवारी कागद, सोमवारी हजर. शनिवारभर मी काय नट पिळत बसू?"

एका दुर्गापूजेला तर कहर झाला. गल्लीत मंडपापर्यंत दिव्यांच्या माळा बांधलेल्या, आणि काका घाईत ऑफिसला निघालेले. कॅरियरच्या कोपऱ्यात माळ अडकली आणि जीपबरोबर निघालीच! मागून पाड्यातली, म्हणजे आमच्या आळीतली, सगळी मुलं धावतायत, "ओ दादा, आमादेर आलो कोथाय निये जाच्छेन?" दादा आमचे दिवे घेऊन खुशाल चाललेत! काका उतरले, माळ सोडवली, फुटलेल्या बल्बचे पैसे दिले, आणि संध्याकाळी आरतीला जाऊन सगळ्यांची माफीही मागितली. कॅरियर मात्र जागच्या जागी.

त्याच्यावर काही बांधलेलं दिसलं की आपल्या मराठी मंडळींत बातमी फुटायची. एकदा गाद्या आणि स्टोव्ह बांधलेला कुणीतरी बघितला, आणि संध्याकाळी मंडळातले चौघेजण शाल-श्रीफळ घेऊन दारात हजर! भाषणसुद्धा झालं. बिचारे काका-काकू दोन दिवस दीघाला समुद्रावर चालले होते. पण समोरच्यांचे डोळे पाणावलेले बघून काकांना खरं सांगवेना. त्यांनी मुकाट्यानं शाल घेतली. परत आल्यावर म्हणाले, "असू दे. खरी बदली झाली की हीच पांघरू."

काकू सगळं हसण्यावारी न्यायच्या, पण त्यांचं आणि कॅरियरचं जमायचं नाही. "रोज सकाळी गॅलरीत आलं की आधी हे दिसतं," त्या आईला म्हणायच्या. "चला, उठा, निघायचंय!" त्यांच्या खाटेखाली एक ट्रंक होती, दोन्ही कड्या लावलेली. आत भिंतीवरची तीन घड्याळं. काकू गणित शिकवायच्या. रांची, शिलाँग, डेहराडून, तिन्हीकडे नोकरी कायम व्हायच्या आधीच बदली आली आणि तिन्ही शाळांनी निरोपाला घड्याळच दिलं. मी म्हटलं, लावा ना एखादं. तर म्हणाल्या, "यांचा कॅरियर उतरेल तेव्हा माझी ट्रंक उघडेल. आणि मग मी लोखंडी कपाट घेणार. आरशाचं. चौघांनी ढकललं तरी हलणार नाही असं."

शेजारच्या खुर्चीतून काकांनी पेपर खाली ठेवला. हवेत हात पसरले. डोळे मिटले.

"नाही चढणार."

मग कलकत्त्यातही तेच व्हायची वेळ आली. इथल्या मुलींच्या शाळेत काकू जानेवारीत कायम व्हायच्या होत्या, आणि पूजेची सुट्टी संपते न संपते तोच काकांची ऑर्डर. बढती, वर नागपूर! सगळ्यांना कोण आनंद. आमची आई पेढे घेऊन खाली गेली. "अहो, आपल्या माणसांत चाललात!"

"हो ना," काकू म्हणाल्या. पेढा त्यांनी हातातच धरला होता.

त्याच दुपारी काकांनी नवे दोरखंड आणले, ताडपत्री धुऊन वाळत घातली. काकू वर आमच्याकडे आल्या होत्या. मी दाराबाहेर जिन्यात पुस्तक घेऊन बसले होते, अभ्यास कसला, कान आत! आईनं विचारलं, "शाळेत सांगितलंत?" काकू म्हणाल्या, "उद्या सांगीन. आधीच्या तिन्ही शाळा सोडताना खूप रडले हो. या वेळी रडूसुद्धा येत नाहीये."

मी मागे वळले, तर दोन पायऱ्या खाली काका! हातात दोरखंडाचं वेटोळं. बहुधा काकूंना काही विचारायला आले असावेत. माझ्याकडे बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि आवाज न करता खाली गेले.

पुढच्या रविवारी सकाळी खालून ठाणठाण ऐकू यायला लागलं. मला वाटलं, भरायला लागले सामान! धावत गॅलरीत गेले तर काका स्टुलावर उभे, हातात पाना, आणि कॅरियर एका बाजूनं सुटलेला. गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतून हातोडीनं ठोकत होते. मी तशीच खाली पळाले.

"काका, विकली का जीप?"

"जीप कशाला विकीन? बढती नको म्हणून लिहून दिलं."

"आणि नागपूर?"

"नागपूर आहे तिथेच राहील की. पाना धर."

काकू गॅलरीत येऊन उभ्या होत्या. त्यांना हे आदल्या रात्रीच कळलं असणार, कारण डोळे सुजलेले होते, रडू अखेर आलं होतं तर! पण आवाज अगदी रोजचा. "अहो, मागचा एक राहिलाय." मागचा नट निघाला, कॅरियर धाडकन खाली आला, आणि जीप एकदम न्हाव्याकडून आल्यासारखी दिसायला लागली. काकू आत गेल्या. मग ट्रंकेच्या कड्या वाजल्या, एक, दोन. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दुपारी मी खिळे धरले, काकांनी ठोकले. तिन्ही घड्याळं एकाच भिंतीवर, आणि तिन्हींची वेळ वेगवेगळी.

पुढच्या वर्षी बदली झाली ती आमची. बाबांना बँकेची नाशिकची शाखा मिळाली. निघायच्या दिवशी बघते तर कॅरियर परत टपावर! मी घाबरलेच. काका मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "तुमच्या सामानासाठी गं. लागेल तेव्हा चढवायचा असतो, कळलं का?" बाबांनी कपाळाला हात लावला. हावड्याचा पूल ओलांडेपर्यंत आमच्या ट्रंका-वळकट्यांतून वारा शिट्टी घालत होता, आणि काकू चक्क हसत होत्या.

फलाटावर मी खिडकीतून काकूंचा हात धरून रडत होते, आणि काका आपले सारखे घड्याळ बघतायत. "चला, तो दुकान बंद करेल."

"कोण?" मी विचारलं.

"इथे हावड्यातच एक कपाटवाला आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "आरशाचं."

मी रडता रडता ओरडले, "काका, चढेल?"

काकांनी भर फलाटावर दोन्ही हात पसरले. एक हमाल खाली वाकून निसटला. डोळे मिटले.

"चढेल," म्हणाले. "पण एकदाच."

गाडी हलली. निरोपाला आलेली माणसं निदान डबा दिसेनासा होईपर्यंत तरी थांबतात ना? हे दोघं कधीच वळले होते. काकू पुढे, भराभरा, आणि मागून काका, त्या एवढ्या गर्दीत हात अजून तसेच पसरलेले.