पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

"हिनं मिठागरात मीठच ओढायचं. हिला की-बोर्डवर बसवलं हीच माझी चूक!"

सर गिऱ्हाइकासमोर असं म्हणाले. वर हसले.

पेणला सरांच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी नोकरीला होते. समोर हमरापूरचे काका उभे, गणपतीच्या मूर्तींचे कारखानदार. त्यांची वेबसाईट आम्ही बनवलेली. दोन महिने झाले, तरी इंटरनेटवर शोधून सापडत नव्हती.

माझे आईबाप मिठागरात राबले. सरांना ते ठाऊक होतं. म्हणूनच ते बोलले.

वेबसाईट सरांच्या हुकमानं झालेली. सगळा मजकूर चित्रात, छान दिसतो म्हणून. खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'गणपती' दोनशे वेळा. सर म्हणालेले, "माणसाला दिसत नाय, मशीनला दिसतं. सर्च इंजिनचा फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी पहिला नंबर." असं होत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. डिक्शनरी घेऊन सगळी इंग्रजी माहिती वाचली होती मी. उत्तर मिळालं, "तू टाईप कर. डोकं लावू नको."

"मंग आता काय करायचा गो?" काकांनी मला विचारलं.

"तिला काय विचारता?" सर ओरडले. "माफी माग काकांची!"

मी उठले. "माफी मागणार नाय. काका, सर्च इंजिनचा प्रोग्राम लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. तुमच्या पानाकडे कुणाची लिंकच नाय. आला तरी चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नायत. मजकूर साधा लिहा. फॉर्म भरून नुसतं कळवता येतं, नंबर मिळत नाय. तोच शब्द दोनशे वेळा लिहिला तर ती लबाडी धरतात. सरांना हे आधीच सांगितलेलं."

"उद्यापासून येऊ नको."

मी चपला घातल्या.

पुढं रोह्याला सरांनी दुकानदारांसाठी भाषण ठेवलं. मी मागं जाऊन बसले. काकांची साईट सरांनी मी सांगितलं तशी बदलली होती, आता ती सापडत होती. सर सांगत होते, "हे मी अभ्यास करून शोधलं." माझीच वाक्यं. त्याच क्रमानं. माझी वाक्यं चालत होती, मी चालत नव्हते.

किळस आली. उभी राहिले. "हे पेणला मी तुम्हाला सांगितलं. काका पुढं बसलेत, विचारा त्यांना."

काकांनी मान खाली घातली.

"बस गो खाली," कुणीतरी म्हणालं.

मी बसले नाही. सरांचं कुठं चुकलं होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मगच बाहेर पडले.

आता माझ्या डोक्यातलं माझ्याच तोंडून बाहेर येईल. साक्षीला कुणी नसलं तरी.