एका दमात थ्रॉम्बोसायटोपेनिया

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते — पण आधी तो शब्द म्हणून दाखवू द्या. थ्रॉम्-बो-साय-टो-पे-नि-या! काय शब्द आहे! ‘पे’वर जोर द्यायचा आणि मग उतारावर सायकल सोडल्यासारखं सुटायचं. आजही म्हणताना मला हुरूप येतो.

नव्वदच्या दशकातलं लखनऊ. बाबा रेल्वेत, आमचं घर मानकनगरच्या कॉलनीत. मोठ्या ताईच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि माझी जीभ अडखळलेली पाहून हसले, “बेटा, तोड़-तोड़ के बोलो.” मी तोडलं, जोडलं, रिक्षात बसून घोकलं. ताई स्वतः टाळ्यांनी ताल धरायची.

ताई बरी होत आली. लग्नही जमत आलं होतं — कानपूरच्या मराठी घरात — आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. आईने बजावलं होतं, आजाराबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. बाहेरच्यांपैकी फक्त शेजारच्या लिमये काकूंना ठाऊक होतं, कारण दवाखान्यात सोबतीला त्याच यायच्या.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला मुलाची आई आली होती; आमची आई ताईजवळ घरीच थांबली होती. आरतीनंतर पोरांची चढाओढ लागली — एका दमात सर्वांत लांबलचक काय म्हणता येतं? मी कसली मागे राहते? शब्द म्हटला, वर पुन्हा म्हटला, आणि टाळ्याच टाळ्या. मी हवेत होते नुसती. प्रसाद घेताना मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, “कुठे शिकलीस गं एवढं?” आणि मी — आईचं बजावणं आठवत होतं, बरं का, लख्ख आठवत होतं — पण अजून थोडं कौतुक हवं होतं. म्हटलं, “आमच्या ताईला झालाय ना तो आजार.” खिरापतीचं ताट घेऊन काकू शेजारीच उभ्या होत्या.

काही दिवसांत नकार आला — आजार लपवला म्हणून. ताईचं रडणं थांबेना. आईने काकूंना घरी बोलावून नाही नाही ते सुनावलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबल्या असतील का? मग म्हणाल्या, “चुकलं माझं.”

काकू आता नाहीत. ताई आजही त्यांना चुगलखोर म्हणते, आणि मी मान डोलावते.