बॉनेटवरचं स्वस्तिक

ही गोष्ट मी इतकी वर्षं घरातसुद्धा सांगायची टाळली. बदलापूर गावातल्या आमच्या अंगणात माझी जुनी मोटार रंगवायला एक रंगारी उल्हासनगरच्या कॅम्पातून सायकलवर यायचा. सिंध सोडून आलेला, सगळ्यांना 'साईं' म्हणणारा. घासलेल्या पत्र्यावरून डोळे मिटून तळहात फिरवायचा. काळा की हिरवा, हे माझं ठरेना, तेव्हा त्याने मडगार्डवर दोन्हींचे ठिपके दिले.

"सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी बघा. मग बोला, साईं."

संध्याकाळी मी बाटलीहिरवा म्हणालो.

रंगाच्या दिवशी तो येण्याआधी मी बॉनेटच्या घासलेल्या पत्र्यावर तेल-कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि वरवर पुसून टाकलं. दुपारी शेजारचे, कारखान्यातले साहेब काम बघायला आले. पसंत पडलं तर ते आपली मोटार त्यालाच देणार होते. आठवडाभर तो तेवढंच बोलत होता. नेमका तेव्हाच तेलावरचा ओला रंग फाटत गेला आणि हिरव्यातून स्वस्तिक वर येऊ लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तळहाताने ओला रंग त्यावर फासला.

"हात चुकला, साईं."

"चुकला, की हातच असला?" साहेब हसले. "आमची गाडी राहू दे, बाबा."

मी गप्प राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. त्याने बॉनेट पुन्हा घासायला घेतलं.

पुढे माफी मागायला म्हणून मी कॅम्पात गेलो. फाटकाला कुठला रंग शोभेल, एवढंच विचारून परत आलो.