मुठीतला तुकडा

दुष्काळाच्या साली एका संध्याकाळी माय पाझर तलावाच्या कामावरून घरी आली ती पदरात कुत्र्याचं पिल्लू घेऊन. खडीच्या ढिगाआड एक कुत्री मरून पडली होती आणि हे एकटंच तिला ढुसण्या देत होतं, असं तिनं सांगितलं. मंठ्याजवळचं आमचं गाव. घरात आम्ही चौघं: माय, बाबा, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. मी तेव्हा चौथीत होते. अक्काची शाळा केव्हाच सुटली होती.

"माणसाला पुरंना, अन् हे कुठून आणलं?" बाबा म्हणाले.

"एवढंसं तर पोट हाय त्याचं. माझ्यातलं दीन मी," माय म्हणाली.

पोट एवढंसं होतं, पण भूक भारी. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल, चिरा पडलेली भाकरी ताटात पडायचा अवकाश, की ते झेप घ्यायचं. माझ्या बोटाला त्याचे दात लागले. आणि एकदा तर बाबांनी घास मोडायच्या आत त्यांच्या ताटातली भाकरी ओढून ते चुलीमागं पळालं. बाबा दिवसभर खडी फोडून आले होते. ते ओरडले नाहीत. तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या मंठ्याच्या बाजारात सोडून येतो. तिथं कुणाच्याबी दुकानाखाली जगंल."

अक्का तशी बाबांपुढं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"थोडे दिवस थांबा, बाबा. मी त्याला शिकवते. न्हाई शिकलं तर मंग सोडा."

"शिकवतीस काय? भुकेलं हाय ते."

"आपुनबी भुकेलेच हाव की. आपुन ओरबाडतो का?"

माय-बाबा कामावर गेले की दुपारी अक्का ओसरीवर मांडी घालून बसायची. भाकरीचा तुकडा मुठीत घ्यायची आणि मूठ पिल्लासमोर जमिनीवर ठेवायची. पिल्लू आधी चाटायचं, मग नखं मारायचं, मग बोटं चावायला लागायचं. अक्का हूं की चूं करायची नाही. हात मागं घेत नव्हती, मूठ उघडत नव्हती. शेवटी ते दमायचं, मागं सरकून बसायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. त्याच क्षणी मूठ उघडायची आणि ती म्हणायची, "घे."

मलाही तिनं मूठ धरायला दिली, पण मला धीर निघायचा नाही. ते कुईकुई करायला लागलं की माझी बोटं आपोआप सैल व्हायची.

"जल्दी नको करू," ती म्हणायची. "त्याला वाटंल ओरबाडल्यानंच मिळतं. गप बसल्यावर दे, म्हंजे त्याला बसायचा फायदा कळंल."

मुठीनंतर तिनं जर्मन पत्र्याची फुटकी थाळी घेतली. थाळी खाली ठेवायची, पिल्लू झेपावलं की उचलायची, बसलं की पुन्हा ठेवायची. हे सगळं न रागावता. पोटात स्वतःच्या काही नसताना माणसाला इतकं शांत कसं राहता येतं, याचं मला आज नवल वाटतं. तेव्हा वाटायचं, अक्का आहेच तशी.

हळूहळू ते उंबऱ्याबाहेर बसायला शिकलं. आम्ही जेवायचो आणि ते लाळ गाळत, पण जागचं न हलता आमच्याकडे बघत राहायचं. बाजाराची गोष्ट बाबांनी पुन्हा काढली नाही.

मग सुकडीचा दिवस आला. कामावर मजुरांना वाटलेली सुकडी, गोडसर भाजकं पीठ, माय फडक्यात बांधून आणायची. त्या दिवशी तिनं फडकं ओसरीवर ठेवलं आणि टँकर आल्याचा गलका ऐकून आम्ही तिघीही घागरी घेऊन पळालो. इकडं बाबा घरी आले. फडक्याची गाठ सुटली होती, सुकडी जमिनीवर सांडली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या आणि पिल्लू हातभर अंतरावर बसून वेशीच्या वाटेकडे बघत होतं. आम्ही परत आलो तेव्हा बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले होते.

"तोंड लावलं न्हाई गं त्यानं, बिलकुल न्हाई," ते अक्काला म्हणाले. "आता तूच म्हण त्याला."

अक्कानं "घे" म्हटलं. मुंग्यांसकट त्यानं सगळं चाटून खाल्लं आणि बाबा किती दिवसांनी हसले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, ज्वारी घरात आली आणि अक्काचं लग्न झालं. गाव पिंपळगाव रेणुकाईकडचं, दोन एसट्या बदलून जावं लागायचं. ती सासरी गेली त्या दिवशी मायनं पिल्लासमोर भाकरी ठेवली. आता ते पिल्लू राहिलं नव्हतं, पण आम्ही म्हणायचो पिल्लूच. ते बसलं आणि बसूनच राहिलं. माय "घे" म्हणाली, बाबा म्हणाले, मी अक्काचा आवाज काढून म्हटलं. ते दाराकडे बघायचं. दुसऱ्या दिवशीही भाकरी तशीच वाळली.

"कशी द्यायची गं ती?" मायनं मला विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या सगळ्या दुपारी माय खडीच्या कामावर होती. तिनं ते पाहिलंच नव्हतं. मी तिला मांडी घालून बसवलं, तुकडा मुठीत दिला, मूठ जमिनीवर ठेवायला लावली. पिल्लानं मूठ हुंगली, मागं सरकलं आणि मायच्या तोंडाकडे बघितलं. मायनं बोटं उघडली. ते खायला लागलं आणि मायनं दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला.

नागपंचमीला बाबा अक्काला घेऊन आले. पिल्लानं तिला अंगणातच लोळवलं. मायनं पुरणाचे दिंड केले होते. ताटं वाढली, आम्ही बसलो, आणि बघतो तर अक्का भिंतीला टेकून उभी.

"बस की. कुणाची वाट बघून राह्यलीस?" माय म्हणाली.

"तुमचं होऊ द्या. मी मागून बसते."

"मागून? माहेरी आलीस तू."

"सवय लागली गं माय," अक्का हसून म्हणाली.

मायनं अक्काचा हात धरून तिला खाली बसवलं, पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला आणि तिचं पोट भरेपर्यंत तिच्यासमोरून हलली नाही.

पिल्लू पुढं बरीच वर्षं जगलं. अक्का वारली त्यालाही आता काळ लोटला. तिचा एकही फोटो नाही, लग्नातही कुणी काढला नव्हता. तिचा चेहरा आठवायला गेले की तो मला एका बाजूनंच दिसतो, मान किंचित खाली. ती पिल्लाकडे बघत असायची आणि मी तिच्याकडे. एकदा तिनं वळून बघावं, असं फार वाटतं.