पोळ्याची नवी दावी
अंबाडीचा दोर भिजला की त्याला एक कुबट, हिरवट वास येतो, आणि तो नाकात शिरला की माझ्यापुढे अजूनही तो पूर उभा राहतो. कारध्याला सासरी येऊन मला वर्षही झालं नव्हतं. पोळा नुकताच झालेला, बैलांना अंबाडीची नवी दावी, शिंगांवर ताजा रंग. दुसऱ्याच सकाळी वैनगंगा अंगणात शिरली आणि दुपारी आम्ही कौलांवर चढून बसलो. लष्कराची मोटरबोट आली, आम्हाला घेतलं, पण सासरे गोठ्यातच गळाभर पाण्यात उभे होते. दोर पाण्यानं फुगून खुंट्याची गाठ दगडासारखी झाली होती आणि बैलांच्या नाकपुड्याच तेवढ्या वर होत्या. "बैलाईले टाकून मी येत नाही!" ते ओरडले. त्यांच्यापुढे कधी तोंड न उघडलेली मी किंचाळले, "मामाजी, या ना, पाणी वाढून राहिलं!" एक जवान उतरला. "बाबा, आप बैठो, मैं काटता हूँ," म्हणत त्यानं त्यांना बोटीत ढकललं, सुरा दातात धरला आणि बुडी मारली. गढूळ पाणी त्याच्यावर मिटलं. किती तरी वेळानं एका बैलाची रंगवलेली शिंगं उसळून वर आली, आणि शिंगाला धरलेला जवानाचा हात. तो खोकत, धापा टाकत दुसऱ्या बैलासाठी वळला, तेव्हा सासऱ्यांनीच वाकून त्याचं मनगट घट्ट धरलं. "नको रे बापू, राहू दे. तुझी माय वाट पाहून राहिली असन." आजही घरात नवं दावं आलं की मी ते आधी भिजवते, गाठ मारते आणि एका हिसक्यात सुटते का ते पाहते.