देवचाराचा काळा कुत्रा

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत येणारा प्लंबर मूळचा मालवणकडचा. माप दोनदा घेतल्याशिवाय पाइप कापत नाही, म्हणून मला आवडतो. पण काळा कुत्रा दिसला की हातातलं काम टाकून बाजूला होतो आणि हात जोडतो. "जावा म्हाराजानू, जावा." गावाची राखण करणाऱ्या देवचाराबरोबर काळा कुत्रा फिरतो आणि त्याला शिवणारा माणूस वर्षही काढत नाही, असं त्याचं ठाम मत. मी हसायचो.

परवा भर दुपारी त्याने जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मांजरामागे धावणारा एक काळा कुत्रा थेट आत पडला. पाणी सात फूट, प्लंबर सव्वापाच. मी ओरडेपर्यंत त्याने उडी मारलीसुद्धा. कुत्र्याला वर ढकलून तो बाहेर आला.

"अरे, शिवलास की त्याला! हा देवचाराचा नाही, हे तुला कळलं कसं?"

"खंय कळला, काका? माका तो देवचाराचोच वाटलो," शर्ट पिळत तो म्हणाला. "पण तो बुडत होतो ना."